पडवळाचं फूल उठतं तेव्हा

गणपती गेले की लालबागमध्ये बांबू आडवे होतात. दहा-बारा दिवस गल्ल्या अडवून उभे असलेले मांडव दोन दुपारींत उतरतात आणि फुटपाथच्या कडेला बांबूंच्या राशी लागतात. त्यांच्यावर गुलालाचे डाग असतात, कापलेल्या सुतळ्यांची टोकं लोंबत असतात. बाकीच्यांना हे दिवस ओकेबोके वाटतात. घसे बसलेले, झोप अपुरी, रस्ता एकाएकी फार रुंद झालेला. मला मात्र या दिवसांत, गेली साठ वर्षं, पडवळाच्या पानांचा वास येतो. ज्यांनी तो घेतला आहे त्यांना ठाऊक असेल, तो काही चांगला वास नाही. उग्र, हिरवट, हाताला चिकटून राहणारा. साबणाने जात नाही. माझ्या हाताचा कशानेच गेला नाही.

यंदा तो नुसत्या आठवणीतला राहिला नाही. परळमधल्या आमच्या जुन्या शाळेच्या गच्चीवर पडवळाचा वेल होता आणि मी त्याच्यासमोर उभा होतो. वेल उत्तम वाढला होता. पानं तळहाताएवढी, ताणे सुतळीला घट्ट धरून बसलेले. पण एकही पडवळ लागलेलं नव्हतं. खाली गच्चीच्या लादीवर गळलेली फुलं पडली होती, रात्रभर जागून दमल्यासारखी, चुरगळलेली.

"काका, फुलं रोज येतात आणि रोज गळतात," तन्वी म्हणाली. "काय चुकतंय आमचं?"

तन्वी या शाळेत शिकवते. वय तिशीच्या आतलं. आमच्या काळी शाळेत मुलांचा शेतीवर्ग होता हे तिला एका जुन्या कपाटात सापडलेल्या वहीवरून कळलं, आणि तिने तो वर्ग गच्चीवर पुन्हा सुरू केला. मी आयुष्यभर बागकामाची नोकरी केलेला माणूस, म्हणून सल्ल्याला बोलावलं होतं. काय चुकतंय ते मला पाहताक्षणी कळलं. मी म्हणालो, "लाकडाची राख घालून बघ थोडी."

राखेचा काही संबंध नव्हता. खरं कारण सांगायचं तर ते मला कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं.

शाळेच्या मागे तेव्हा जमिनीचा एक पट्टा होता. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला गिरणीची उंच दगडी भिंत, मधे ही काळी, दमट जागा. आम्हा सातवी-आठवीच्या मुलामुलींना तिथे एकेक वाफा मिळायचा. पाच पावलं लांब, दोन पावलं रुंद. कोपऱ्यात खोचलेली पत्र्याची पाटी, तिच्यावर नंबर आणि नाव. आता कुणाला हे विशेष वाटणार नाही. पण आमच्या घरात अंथरुणाची जागासुद्धा पाहुणे आले की बदलायची. ज्या मुलांचं कोपऱ्यातल्या एका खिळ्यापलीकडे स्वतःचं काही नव्हतं, त्यांच्या नावाची जमीन! मला आठवतं, पहिल्या दिवशी मी त्या वाफ्यात उतरलोच नाही. कडेला उकिडवा बसून नुसता हात लावला. माती गार होती आणि खालून काहीतरी वर ढकलल्यासारखी वाटत होती.

गिरणीच्या खिडक्यांतून कापूस उडून यायचा. आमच्या मिरच्यांवर, वांग्यांवर, भेंडीच्या लवेवर बसायचा. सकाळी वाफे पांढरे दिसायचे. जगदाळे मास्तर देशावरचे. ज्वारी-हरभऱ्यावर बोलायला लागले की त्यांच्या डोळ्यांत गावाकडचं शेत दिसायचं. पडवळ मात्र त्यांनी पानात जास्त पाहिलं असावं, वेलावर कमी. आषाढात पेरलेलं बी गणपतीपर्यंत सुतळ्यांवरून भिंतीला टेकायचं, आणि गणपती गेले की आम्ही मुलं लालबागच्या मंडळांतून उरलेले बांबू खांद्यावर टाकून आणायचो. देवाच्या मांडवाचे बांबू आमच्या पडवळाच्या मांडवाला. त्यांना कधीकधी जिलेटिनचे सोनेरी तुकडे चिकटलेले असायचे आणि ते पानांतून चमकायचे.

वर्गाचा मॉनिटर मी. माझं अक्षर चांगलं, म्हणून हजेरीची वही माझ्याकडे. रोज साडेचारला हजेरी, पाचला फाटक बंद. नियम एकच होता आणि तो मास्तरांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता: ओळीने सात दिवस गैरहजर राहील त्याचा वाफा शेजारच्याला.

माझ्या शेजारचा वाफा शालन गावडेचा होता.

तन्वीला माजी विद्यार्थ्यांचं मंडळ काढायचं होतं. भाषणं-सत्कार करणारं नव्हे. "मला पाणी घालणारी माणसं हवीत, काका," ती म्हणाली. "शाळेला सुट्टी लागली की गच्चीला कुलूप. मे महिन्यात टोमॅटो गेले, गणपतीत वांगी गेली. मुलं सुट्टीवरून येतात आणि वाळलेली झाडं बघून रडतात. ज्यांनी लहानपणी हे केलंय ते येतील ना? बी देतील, चार गोष्टी सांगतील. आधार हवाय हो आम्हाला."

मला गहिवरून आलं. साठ वर्षांपूर्वी बुजलेला पट्टा एका मुलीने पुन्हा उकरून काढला होता, तोही जमिनीवर जागा उरली नाही म्हणून आभाळाजवळ. मी लगेच हो म्हणालो. मग तिने दोन गोष्टी पुढे केल्या. एक, त्या जुन्या वहीवरून बनवलेली नावांची यादी. दुसरी, एक फोटो.

यादी मी चष्मा लावून वाचली. माझा दोस्त बाळ्या होता, आणखी चौदा-पंधरा नावं होती.

"वर्ग पूर्ण केलेल्यांचीच घेतलीत," तन्वी म्हणाली. "लाल शाईने खोडलेली सोडून दिली."

लाल शाई माझीच होती. खोडताना पट्टी वापरली होती मी.

फोटोत तेरा वर्षांचा मी, केस पाणी लावून बसवलेले, दोन्ही हातांनी पडवळ धरून उभा. पडवळ माझ्या हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत, काठीसारखं सरळ. आंतरशालेय प्रदर्शनातलं पहिलं बक्षीस, एक नवी झारी, पायाशी ठेवलेली. तन्वीला तो फोटो मंडळाच्या पत्रकावर छापायचा होता, आणि मला अध्यक्ष करायचं होतं.

"पण काका, हे खाली काय लटकलंय? शेपटाला?"

पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने वजन बांधतात. नाहीतर ते वेटोळं घालून बसतं. "दगड असेल," मी म्हणालो.

तिने फोनवर फोटो मोठा केला. "दगड नाही हो. लोखंडाचा नट आहे. मोठा, यंत्राचा असतो तसा."

तो नट आहे हे मला साठ वर्षं माहीत होतं. मी दगड बांधला होता. प्रदर्शनाच्या सकाळी पडवळ कापलं तेव्हा खाली नट होता. मास्तरांनी बदलला असेल, असं मी मनाला सांगितलं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही. माणूस एखाद्या फोटोकडे साठ वर्षं बघू शकतो आणि त्यातली एक जागा न बघता राहू शकतो, याचं मला आता फार आश्चर्य वाटतं.

शालन चाळीतल्या घरातली थोरली. त्यांच्या मजल्यावर नळाला पाणी यायचं चारला आणि जायचं सहाला. ते भरायचं तिनं. त्यामुळे गणपती उठल्यावर, आई बाळंतपणाला गावी गेली तेव्हापासून, साडेचारला ती यायची बंद झाली. मी हजेरीत फुली मारायचो. एक, दोन, तीन.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी थेट त्या पट्ट्यावर उघडणारी. चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी गॅलरीत उभा होतो तर फाटकाचा तारेचा आकडा काढून शालन आत आली. फ्रॉकवरून आईचं जुनं पातळ कमरेला गुंडाळलेलं, हातात डालड्याचा डबा. तिने वाफ्याला पाणी घातलं आणि मग ती काहीच करेना. वेलासमोर उभी राहिली. मला वाटलं, रडते की काय.

ती वाट बघत होती. आणि मग मी ते पाहिलं. दिवसभर मिटलेल्या, हिरव्या मुगासारख्या कळ्या एकेक करून सुटायला लागल्या. पडवळाचं फूल उमलत नाही, ते उलगडतं. पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला दोऱ्यांची झालर आत गुंडाळून ठेवलेली. ती झालर थरथरत, स्वतःच स्वतःला सोडवत बाहेर येते. पांढरीशुभ्र. कुणी इतकं बारीक विणू शकेल असं वाटत नाही. गिरणीच्या काळ्या भिंतीवर बघता बघता वीस-पंचवीस फुलं पेटली. इतके दिवस आम्ही रोज तिथे जात होतो आणि आमच्यापैकी एकानेही, मास्तरांनीसुद्धा, ते फूल उघडं पाहिलेलं नव्हतं. आम्ही पाचला फाटक बंद करून जायचो, आणि ते आमच्यामागे उघडायचं.

शालनने फ्रॉकच्या खिशातून कापूस काढला. तो कुठला हे मला नंतर कळलं. तिचा बाप सूतखात्यात होता. पहिली पाळी करून आला की त्याच्या केसांत, कॉलरवर, भुवयांवर कापूस असायचा. तो ती झटकून ठेवायची. तिने बोटांत त्याची वात वळली, एका फुलातलं पिवळं परागांचं पीठ उचललं, आणि दुसऱ्या, मागे इवलंसं पडवळ असलेल्या फुलाला हलकेच लावलं. डोळ्यांत काजळ घालावं तसं. रात्रीची पाखरं सगळी गिरणीच्या दिव्यांकडे जायची, आमच्या वेलाकडे एकही फिरकत नसे. त्या पाखरांचं काम ती करत होती.

मी पुढचे तीन दिवस रोज संध्याकाळी ते पाहिलं. भारावून पाहिलं. आणि रोज साडेचारला फुली मारली. पाच, सहा, सात.

मी खोटं काही लिहिलं नाही. ती साडेचारला नव्हतीच. मास्तरांनी मला विचारलं, "ही गावडे येतच नाही का रे?" मी म्हणालो, "हजेरीला नाही येत, सर." हे उत्तर मी आजवर शेकडो वेळा मनात उलटून पाहिलं आहे. त्यात एक शब्द चुकीचा नाही. आणि जन्मात इतकं लबाड वाक्य मी दुसरं बोललो नाही.

पाटीवरचं नाव बदललं. त्या दिवसापासून मी संध्याकाळी गॅलरीत उभं राहणं सोडलं.

पुढचं सगळं त्या पडवळाला लटकून आलं. बक्षीस, मास्तरांची शिफारस, शेतकी शाळा, नोकरी, बागा. मी चांगलं काम केलं हो, ते नाही म्हणणार नाही. शेकडो झाडं लावली. पण कुणी हाताला यश आहे म्हटलं की मी हात मागे घ्यायचो. एकच समाधान मी उराशी धरलं होतं. वाफा तिचा खरा, वेल तिचा खरा, पण ते पडवळ धरलं ते वाफा माझ्याकडे आल्यानंतर. तिचं बघून मीही खिशात कापूस नेला होता. हजेरीनंतर, फाटक बंद व्हायच्या आधी, घाईघाईने कळी सोडवून फुलाला फूल लावलं होतं. म्हणजे निदान फळ तरी माझंच.

बाळ्याला हे सगळं सांगितलं ते लालबागला, बांबूंच्या राशीवर बसून. तो शेतीवर्गात माझ्याच बरोबरचा. जन्मभर मंडळाचा कार्यकर्ता, अजूनही मांडव उतरवताना खाली उभा राहून ओरडतो. गच्चीवरच्या वेलासाठी बांबू निवडून ठेवायला गेलो होतो. त्याने ऐकून घेतलं, मग चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मेल्या, गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, माझी बत्तिशी गेली. आणि तू अजून एका पडवळावर बसून आहेस?"

"बाळ्या, मस्करी नको."

"मस्करी कोण करतोय? माझ्या वाफ्यात नुसता मुळ्याचा पाला आला होता. मुळा अजून शोधतोय मी. तुझ्याकडे निदान पाप तरी आहे." मग ग्लास उचलत म्हणाला, "शालन नायगावला असते. हिंदमाताच्या दुकानांना साड्यांचे फॉल-बिडिंग करून द्यायची, आता घरच्या घरी करते. माझ्या सुनेच्या साड्या तिच्याचकडे. पत्ता देऊ, का अजून साठ वर्षं घेतोस?"

नायगावला जुन्या, जाड भिंतींच्या चाळी होत्या तिथे आता उंच इमारती आल्या आहेत. मी फाटकात उभा राहून सहज वर पाहिलं आणि तसाच उभा राहिलो. चौदाव्या मजल्यावर एका खिडकीच्या जाळीतून वेल बाहेर आला होता. त्यातून चार पडवळं खाली सोडलेली, सरळ, पांढरट हिरवी, वाऱ्यावर जराशी हलणारी. खालून बस गेली, सिग्नलला गाड्या वाजल्या, कुणाचं लक्ष नव्हतं. इतक्या उंचावर कुठलं पाखरू जाणार? म्हणजे रोज संध्याकाळी कुणीतरी कापूस घेऊन खिडकीशी उभं राहत होतं.  लिफ्टमध्ये मला मजला दाबायला दुसऱ्या माणसाने मदत केली.

दार तिनेच उघडलं. बारीक, ताठ, चष्मा नाकाच्या टोकावर, गळ्यात मापाची टेप. बाळ्याने फोन केला असावा, कारण ती अजिबात चकित झाली नाही.

"ये. दमलास काय? लिफ्ट आहे की."

मी पाणी प्यालो आणि लगेच बोलून टाकलं, नाहीतर जमलं नसतं. "शालन, तू संध्याकाळी येत होतीस ते मी बघत होतो. गॅलरीतून. मास्तरांना सांगितलं नाही मी. मुद्दाम नाही सांगितलं. तो वाफा तुझा होता."

"माहीत आहे."

"काय?"

"तू बघायचास ते. पांढरा बनियन घालून उभा असायचास. भुतासारखा." तिने सुई उशीच्या अभ्र्याला टोचून ठेवली. "मला वाटायचं, हा सांगेल. पाटी बदललेली बघितली तेव्हा कळलं, नाही सांगितलंन."

मी ग्लास खाली ठेवला. म्हणालो, "निदान ते बक्षिसाचं पडवळ तेवढं..."

"तेवढं काय?"

"ते नंतर धरलं. मी कापूस लावला होता."

ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग हसायला लागली. चष्मा काढून पदराने डोळे पुसण्याइतकी हसली. "अरे, मी दुसऱ्या दिवशी बघितला ना तुझा पराक्रम! कापूस तसाच चिकटलेला. नराच्या फुलाला नराचंच फूल लावलं होतंस, मेल्या. तेही मिटलेलं! आणि पाणी भर उन्हात ओतायचास. मुळं शिजली असती. मी संध्याकाळी येऊन उघड्या फुलांना कापूस लावायची, माती हलवायची, गार पाणी घालायची."

"पाटी बदलल्यावरही?"

"वेलाला कुठे वाचता येतं?"

हे तिने इतक्या साधेपणाने म्हटलं की मला क्षणभर त्याचा अर्थच लागला नाही. तेरा वर्षांची मुलगी. जमीन काढून घेतलेली, पाटीवर दुसऱ्याचं नाव. आणि ती दोन तास पाणी भरून दुखऱ्या हातांनी, अंधारायच्या आत, रोज येत होती. कारण वेलाला तहान लागते. मी झाडांमध्ये जन्म काढला. झाडांविषयी इतकं मला कधीच कळलं नाही.

"आणि तो नट?" मी विचारलं.

हसणं थांबलं. "बाबांनी दिलेला. तुझा दगड हलका होता, पडवळ वाकायला लागलेलं." ती खिडकीकडे बघत होती. "प्रदर्शनाला बाबा आले होते. त्यांना सांगितलं नव्हतं मी, वाफा गेला म्हणून. घरी येऊन म्हणाले, तुझा नट होता गो तिथे.  जेवले आणि आडवे झाले." चष्मा पुन्हा चढवत म्हणाली, "राग आला होता. खोटं कशाला बोलू? दोन वर्षं तुमच्या चाळीवरून गेले नाही. दुधाला लांबून वळसा घालून जायची."

 माफी हा शब्द तोंडाशी आला आणि फार लहान वाटला, पण तोच होता, म्हणून म्हणालो. तिने मान हलवली. दिली की नाकारली ते कळलं नाही. उठून तिने फडताळातून काचेची बरणी आणली. राखेत घोळलेलं पडवळाचं बी.

"तू झारी घेऊन गेलास, मग कुणी तिकडे फिरकलं नाही. एक पडवळ भिंतीलगत पानांआड लोंबत राहिलेलं, पिकून केशरी झालेलं. ते मी काढलं. त्याचंच हे. दरवर्षी पेरते. चाळीत डब्यांत होतं, मधे संक्रमण शिबिरात होतं, आता इथे. मागच्या वर्षी एक पडवळ तेराव्या मजल्याच्या खिडकीत उतरलं. ती बाई भांडायला आली. म्हटलं, भांडतेस काय, काप आणि डाळ घालून कर. आता वाट बघत असते."

मी बरणी हातात धरली. माझ्या एका लाल रेघेपलीकडे, मला ठाऊक नसताना, साठ पावसाळे तो वेल चढत होता, फुलत होता, पिकत होता, पुन्हा बी होत होता. एका वर्षाचीही तूट नाही. देवळात गेल्यावर सवयीने हात जोडतो, पण अंगावर काटा येत नाही. तिथे आला.

मी तिला मंडळाचं सांगितलं, गच्चीवरच्या गळणाऱ्या फुलांचं सांगितलं. म्हणालो, त्या जुन्या वहीत मी दुरुस्ती करून देतो, सगळ्यांसमोर.

"वहीला हात लावू नकोस," शालन म्हणाली. "तिच्यात खोटं काय आहे? साडेचारला मी नव्हतेच, नळावर होते. वही बरोबर आहे रे. वेळ चुकीची होती." आणि मग, एकदम धारदार आवाजात, "गच्चीला कुलूप किती वाजता लावतात?"

"पाचला."

"अजून पाचलाच?" तिने कपाळावर हात मारला. "आणि तू त्यांना काय सांगितलंस, राख घाला?"

मंडळाची पहिली बैठक सर्वपित्रीच्या आधीच्या शनिवारी, शाळेच्या खालच्या वर्गात झाली. लहान बाकांवर गुडघे कोंबून आम्ही अकरा म्हातारी माणसं बसलो होतो, आणि मागे गच्चीवरच्या वर्गाची मुलं. तन्वीने तो फोटो फळ्याला लावला होता. मी उभा राहिलो. जे इथे लिहिलं आहे ते सगळं सांगितलं, फुल्या, गॅलरी, नट, सगळं. अध्यक्ष होणार नाही, सुट्टीत पाणी घालायला येईन, असं सांगितलं.  तन्वीने हळूच जाऊन फोटो उलटा केला, मग तिला काय वाटलं कोण जाणे, पुन्हा सुलटा केला आणि नटाभोवती खडूने एक गोल काढला.

 शेवटी बाळ्या म्हणाला, "माझ्या मुळ्याचंही याने काहीतरी केलं असणार." मुलं हसली.

शालन पहिल्या बाकावर बसली होती. तिने मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "झालं का तुझं बोलून? सव्वासहा झाले. गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?"

आम्ही जिने चढलो. बाळ्याचे बांबू वर आधीच बांधून झाले होते, एका बांबूवर सोनेरी कागदाचा तुकडा राहिला होता. पश्चिमेला नव्या इमारतींच्या फटींतून उजेड ओसरत होता. जिथे गिरणीची भिंत होती तिथे आता काचेची भिंत आहे आणि तिच्यात आभाळ उलटं दिसत होतं. शालनने पिशवीतून कापूस काढला आणि मुलांना बोटांत वात वळायला शिकवली. "घट्ट नको. बाळाच्या कानात घालतात तशी." मग ती वेलाजवळ गेली आणि उभी राहिली. मुलंही तिच्याभोवती उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळी हळू आवाजात बोलायला लागली.

तन्वीने माझ्या हातात नवी वही आणि पेन दिलं. "काका, पहिली हजेरी तुम्हीच घ्या. अक्षर अजून चांगलं आहे तुमचं." मला नको म्हणायचं होतं. पण मी घेतलं. एकेक नाव वाचलं, ज्याने त्याने हजर म्हटलं, बाळ्याने सैन्यात असल्यासारखं ओरडून म्हटलं.

"शालन गावडे," मी वाचलं.

उत्तर आलं नाही. ती पाठमोरी होती, वेलाच्या अगदी जवळ. तिच्या चष्म्यासमोर एक कळी हलायला लागली होती.

"शालन, अगो हजर म्हण की!" बाळ्या म्हणाला.

तिने मागे न बघता हात वर केला, गप्प राहा म्हणून. कळीच्या टोकातून पहिला पांढरा दोरा बाहेर आला, मग दुसरा. शेजारची मुलगी श्वास रोखून म्हणाली, "आई गं." आणि झालर सुटली.

घड्याळात पावणेसात झाले होते. मी तिच्या नावापुढे हजर लिहिलं.